अपील झाले, पण गवाही कुठे आहे?



अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात खर्डा नावाचे गाव आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथला नितीन आगे हा १७ वर्षांचा दलित विद्यार्थी मारला गेला. गावातल्या वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, या संशयावरून त्याला शाळेतून नेऊन मारहाण करण्यात आली आणि नंतर मृतदेह झाडाला लटकवण्यात आला, असा आरोप होता. आईवडील मजुरी करणारे. खटला साडेतीन वर्षे चालला. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी सत्र न्यायालयाने नऊ आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. अनेक साक्षीदार न्यायालयात फितूर झाले होते आणि त्यांत त्याच्या शाळेतले शिक्षकही होते. निकालावर राज्यभर संताप उसळला आणि सरकारने उच्च न्यायालयात अपील करण्याची भूमिका घेतली.

त्याच न्यायालयाने सहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, कोपर्डीच्या १५ वर्षांच्या मुलीच्या खून खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. जिल्हा एक, न्यायालय एक, दोन्हीकडे मूल मारले गेलेले. एका घरात निकाल आला, दुसऱ्या घरात फक्त निकालाचा कागद आला. लोकांनी याची कारणे जातीत शोधली, आणि ती शोधण्यासारखी आहेतच. पण न्यायालयाच्या आत दिसणारा फरक साधा होता. कोपर्डीत साक्षी आणि वैद्यकीय पुरावा टिकला. खर्ड्यात साक्षीच टिकल्या नाहीत.

आठवीच्या वर्गात न्यायव्यवस्थेचा धडा शिकवताना मी या खटल्याबद्दल बोलले, तेव्हा एका मुलीने विचारले, “टीचर, सगळे निर्दोष, तर मग त्याला मारले कोणी?” तिच्या शेजारची म्हणाली, “अगं, सरकारने अपील केलंय ना, आता न्याय मिळेल.” पहिल्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. दुसरीचा भरवसा आपल्या सगळ्यांच्या मनात असतो, म्हणून त्याबद्दल आज लिहायला हवे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. उर्दू अखबारात बातमी येते, ‘बाइज्जत बरी’. मराठी पेपरात येते, ‘निर्दोष मुक्तता’. दोन्ही शब्दांनी असे वाटते की न्यायालयाने छाननी करून सांगितले, या माणसाने हे केलेच नाही. कधी कधी तसे असतेही. पण पुष्कळदा न्यायालय एवढेच म्हणत असते की सरकारी पक्षाने जो पुरावा माझ्यापुढे आणला, त्यावरून गुन्हा संशयापलीकडे सिद्ध होत नाही. आरोपीने आपले निर्दोषत्व सिद्ध करायचे नसते. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. ही रीत योग्यच आहे, कारण ती नसती तर कोणालाही उचलून तुरुंगात टाकता आले असते.

आता अपील. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले की सरकारी वकील निकालपत्राची प्रत आणि आपले मत विधी व न्याय विभागाकडे पाठवतात. अपील करायचे ठरले तर त्याला ९० दिवसांची मुदत असते. नुसता अर्ज देऊन भागत नाही. उच्च न्यायालयाची परवानगी लागते, म्हणजे या निकालात खरोखर तपासण्यासारखे काही आहे हे आधी पटवावे लागते. पूर्वी हे सारे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७८ खाली चालायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हे कलम ४१९ आहे.

परवानगी मिळाली तरी पुढची वाट चढाची आहे. २००७ साली चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिची तत्त्वे एकत्र मांडली. उच्च न्यायालयाला सगळा पुरावा नव्याने तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण आरोपी मुळातच निर्दोष धरलेला असतो आणि एका न्यायालयाने सोडल्यावर ते गृहीत दुप्पट पक्के होते. एकाच पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील आणि खालच्या न्यायालयाने त्यांतला एक घेतला असेल, तर केवळ दुसरा अधिक पटतो म्हणून निकाल फिरवायचा नाही.

मुलींना मी हे पुनर्मूल्यांकनाच्या भाषेत सांगितले. बोर्डाच्या निकालानंतर आपण पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतो. तेव्हा नवा तपासनीस उत्तरपत्रिका तीच पाहतो. चुकून कमी दिलेले गुण तो वाढवू शकतो, न तपासलेले पान तपासू शकतो. पण विद्यार्थ्याने जो प्रश्न सोडलाच नाही, त्याचे गुण तो कुठून देणार? अपिलाचेही तसेच. जास्तीचा पुरावा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती अपवाद म्हणून. एरवी वरचे न्यायालय वाचते ते खालून आलेले कागद: जबाब, उलटतपासणी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल. साक्षीदार तिथे मान खाली घालून ‘मला काही माहीत नाही’ म्हणाला असेल, तर कागदावर तेवढेच असते. फितूर साक्षीदाराचा जबाब पूर्णपणे बाद होत नाही. दुसऱ्या पुराव्याने दुजोरा मिळणारा त्यातला भाग घेता येतो. पण दुजोरा देणारा दुसराही फिरला असेल तर?

मुले मारली गेल्याच्या दोन खटल्यांत अपिलाचे काय झाले ते पाहा.

गोव्यात १८ फेब्रुवारी २००८ रोजी हणजुणे किनाऱ्यावर १५ वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हणून विषय मिटवत आणला होता. तिची आई हटली नाही. दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले, अंगावरच्या जखमांची नोंद झाली, तपास सीबीआयकडे गेला. २३ सप्टेंबर २०१६ रोजी गोव्याच्या बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. सीबीआयने अपील केले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला सदोष मनुष्यवध आणि इतर गुन्ह्यांत दोषी धरून १० वर्षांची शिक्षा दिली. दुसऱ्याची सुटका कायम राहिली. अकरा वर्षे गेली, अर्धाच निकाल फिरला, पण फिरला. तपासणाऱ्याला तपासायला कागद होते, आणि ते कागद एका आईच्या हट्टामुळे तयार झाले होते.

आता नोएडाजवळचे निठारी. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यातून मुलांचे सांगाडे निघाले, तेव्हा सगळा देश हादरला होता. खालच्या न्यायालयाने फाशीच्या शिक्षा दिल्या. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने बहुतेक खटल्यांत आरोपींना सोडले आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. सीबीआय, उत्तर प्रदेश सरकार आणि काही पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ रोजी ती सारी अपिले फेटाळली गेली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये उरलेल्या शेवटच्या खटल्यातही सुटका झाली. तिथल्या गरीब आयांना आज कोणी सांगू शकत नाही की त्यांची लेकरे कोणी मारली. मूळ तपासच कच्चा होता. वर कितीही मोठे न्यायालय असले तरी त्याला उभे राहायला खाली जमीन लागते.

इथे आपल्या घरांत जी गोष्ट बोलली जाते, ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. मुंबईच्या लोकल गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी स्फोट झाले. त्या खटल्यातल्या सर्व १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सोडले. त्यांपैकी पाच जणांना फाशी झालेली होती आणि एक जण निकालाआधीच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागणार नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै रोजी सांगितले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. त्या स्फोटात सहा माणसे गेली होती, त्यांत एक शाळकरी मुलगी होती.

पहिल्या निकालावर आपण म्हणालो, सुटले ते सुटले, सरकारला आता अपील कशाला हवे? दुसऱ्या निकालावर आपणच विचारले, सरकार अपील का करत नाही? दोन्ही वेळचे दुःख खरे आहे. एकोणीस वर्षे तुरुंगात गेलेल्याचे घर मला कळते आणि भिक्खू चौकात मूल गमावलेल्याचे घरही कळते. पण तराजू दोन ठेवून चालणार नाही. आरोपीचे नाव कोणते आहे यावर अपील चांगले की वाईट हे ठरत नाही. कागदावर काय आहे, यावर ठरते. हे आपण स्वतःला लावून घेतले, तर खर्ड्याच्या घराबद्दल बोलण्याचा आपला हक्क मजबूत होतो.

मालेगावच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथल्या पीडित कुटुंबांनी कोणाची वाट न पाहता स्वतः उच्च न्यायालयात अपील केले. हा हक्क पूर्वी नव्हता. आरोपी सुटला की घरच्यांनी सरकारच्या तोंडाकडे पाहत बसायचे, एवढेच हातात होते. ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात दुरुस्ती लागू झाली आणि पीडित व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. सरकारने अपील केले नाही म्हणून दार बंद झाले, असे आता समजायचे कारण नाही.

तरीही मी पुन्हा त्या शिक्षकांपाशी येते. शाळेतून मुलाला नेताना कोणी पाहिले असेल, तर ते शाळेतल्या माणसांनी. त्यांनी न्यायालयात उभे राहून काय सांगितले, यावर सगळे अवलंबून होते.

त्यांना दोष देणे सोपे आहे. आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, “मॅडम, नोकरी त्या गावात, भाड्याचे घर त्या गावात, पोरं त्याच वाटेने शाळेत जातात. कोर्ट महिन्यातून एकदा, गाव रोजचे.” हे खोटे नाही. साक्षीदाराला समन्स येते, तो रजा काढून जातो, संध्याकाळी कळते की तारीख पडली. असे वर्षभर चालते. तोवर निरोप येतात, कधी प्रेमाने, कधी दुसऱ्या सुरात. माणूस एका दिवसात फितूर होत नाही. थोडा थोडा होतो आणि आपण आजूबाजूचे लोक त्याला त्यात मदत करतो. ‘कशाला भानगडीत पडतोस’ हे वाक्य आपल्याच घरातून निघते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. साक्षीदार बोलतो पावरी, भिली, अहिराणी किंवा घरची उर्दू. जबाब लिहिला जातो मराठीत. उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, तो इंग्रजीत वाचला जातो. खर्ड्याचे प्रकरणही त्याच खंडपीठाच्या हद्दीतले. घरातली बाई म्हणते, ‘मालूम पडा कि लडके कू ले गए.’ लिहिणारा लिहितो, ‘मुलाला नेताना पाहिले.’ दोन वर्षांनी आरोपीचा वकील विचारतो, “तुम्ही स्वतः पाहिले का?” ती म्हणते, “नाही.” झाले, साक्षीदार खोटी ठरली. ती खोटे बोललीच नव्हती. म्हणून जबाब देताना तो वाचून दाखवायला सांगावा, आणि ‘पाहिले’, ‘ऐकले’, ‘कळले’ हे तीन शब्द वेगवेगळे लिहून घ्यावेत. आपल्या भाषेत समजावून सांगणारे कोणी हवे, असे म्हणण्यात कमीपणा नाही.

पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेतली जात नाही आणि न्यायालयात त्याचे वजन मर्यादित असते. दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेल्या जबाबाला अधिक वजन असते. नव्या संहितेच्या कलम १८३ प्रमाणे, १० वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवायचाच आहे. आपल्या मोहल्ल्यात अशी वेळ आली, तर तपासी अंमलदाराला हे नम्रपणे विचारा. धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. राज्याचा २०१७ चा स्वतंत्र कायदाही आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. निकाल विरुद्ध गेला तर रडण्याला वेळ द्यावाच, पण निकालपत्राची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागावी, कारण ते ९० दिवस कोणासाठी थांबत नाहीत.

आम्हा शिक्षकांकडे तर आयता पुरावा असतो. हजेरीपट सांगतो की त्या दिवशी मूल शाळेत होते की नव्हते. जनरल रजिस्टर सांगते की त्याचे वय किती. अल्पवयीन ठरवताना न्यायालय शाळेची जन्मनोंद आधी पाहते. आणि आपल्याकडे किती मुलांची जन्मतारीख १ जून आहे! दाखल्याच्या दिवशी आईवडिलांना तारीख आठवली नाही की लिहून टाकली १ जून. उद्या ते मूल एखाद्या खटल्याच्या केंद्रस्थानी आले, तर आरोपीचा वकील पहिले बोट त्या तारखेवर ठेवतो. पालकांनो, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला काढून ठेवा. शिक्षक मित्रांनो, हजेरी वेळच्या वेळी भरा. महिनाअखेरीला एका पेनाने भरलेला हजेरीपट न्यायालयात दोन मिनिटेही टिकत नाही.

गवाहीबद्दल आपला दीन काय सांगतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सूरह बकरामध्ये गवाही लपवू नका असा हुकूम आहे. सूरह निसामध्ये तर ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध, नातलगांविरुद्ध जात असली तरी इन्साफावर कायम राहा, समोरचा श्रीमंत असो की गरीब, असे सांगितले आहे. ही आयत आपण बयानात ऐकतो, मुलांना पाठ करायला लावतो. मग मोहल्ल्यात कोणी गवाहीसाठी उभा राहिला की त्याला म्हणतो, तुला काय पडले आहे?

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगते की शाहिद म्हणजे साक्षीदार आणि शहीद हा शब्दही त्याच मुळातून आला आहे. नंदुरबारच्या मुलांना शहीद म्हटले की शिरीषकुमार आठवतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेला हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले. तेवढे धैर्य मी कोणाकडे मागत नाही. शाहिदला प्राण द्यायचे नसतात. त्याला फक्त जे पाहिले ते सांगायचे असते आणि पुन्हा विचारले तर पुन्हा तेच सांगायचे असते.

तो एकटा पडू नये, हे मात्र आपल्या हातात आहे. साक्ष द्यायला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर त्या दिवशी न्यायालयापर्यंत एक माणूस तरी जावा. तो रोजंदारीवर असेल तर त्याच्या बुडालेल्या रोजाची काळजी मोहल्ल्याने घ्यावी. शिक्षक असेल तर त्याचा तास सहकाऱ्याने घ्यावा आणि मुख्याध्यापकांनी रजेवरून टोमणा मारू नये. त्याच्या घरी बायकांनी जाऊन यावे, म्हणजे घरातली माणसे त्याला मागे ओढणार नाहीत. आणि मारला गेलेला मुलगा आपल्या जातीचा किंवा जमातीचा नसेल, तर हे सारे आणखी आठवणीने करावे.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी वर्गात दिलेले उत्तर असे होते: कोणी मारले हे न्यायालय शोधून काढत नाही, बेटा. ज्यांनी पाहिले ते सांगतात आणि न्यायालय ते तोलते. सांगणारे गप्प बसले तर तराजू रिकामाच राहतो. मग तो जिल्ह्याचा असो, उच्च न्यायालयाचा असो की दिल्लीचा.